मधला धुरा

कृषी कार्यालयाच्या बाकावर ठेवलेल्या बाटलीत गढूळ पाणी होतं आणि तळाशी बरोबर दोन बोटं काळी माती बसली होती. रांगेत उभ्या असलेल्या प्रियदर्शनीनं ती शेजारी उभ्या दिराला दाखवली.

"बघा संतराम भाऊजी, तुमच्या वावरातून ओढ्याला चाललेलं पाणी."

"तुमच्यातूनबी चाललंय, वहिनी."

"व्हय की. दोन्ही वावरांतून माती अडवणारा आडवा बांध घालून देतो म्हणून साहेब तीन वर्षांपासून सांगून राहिले. त्याच्यासाठी आपल्या हद्दीवरचा मधला धुरा मोडावा लागतो, तो तुमी काहून मोडू देत न्हाई?"

"वाटणीत आबानं घातलेला धुरा हाय तो."

"मंग राखा. माती गेली तरी धुरा उरंल. हळदीचं पीक त्याच्यावरच घ्या."

"लोक हसतील."

"आत्ता काय रडून राहिलेत? माती वाहून चालली म्हणून हसूनच राहिलेत."

संतरामनं बाकावरची बाटली उचलली.

"सांगा साहेबाला. धुरा मोडा म्हणावं."