जावयाला थोपटताना

हसवू नका हो! आधीच सांगून ठेवतो, हसवू नका. हे इथे, शर्टाच्या आत, पट्टा आवळलाय... दोन बरगड्या गेल्यात. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं तर नावच नको, आणि येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारतो, "काय हो, जावयाने मारलं म्हणे?" अहो, कोण म्हणे? जावयाने मला बोटसुद्धा लावलेलं नाही! म्हणजे... लावलं, बोट कसलं, दोन्ही हात लावले, पण मारलं नाही हो! सगळं पहिल्यापासून सांगतो, तुम्हीच ठरवा, यात माझं काय चुकलं.

तर तुम्हाला सांगतो, माझा जावई मारामारी करतो. तशी नाही हो, पोटापाण्यासाठी! मिक्स्ड मार्शल आर्ट्स. म्हणजे बॉक्सिंग, कुस्ती, ज्यूदो, लाथा, सगळं एकत्र कालवायचं आणि आठ कोनांच्या जाळीच्या पिंजऱ्यात शिरून एकमेकांना वाढायचं. आता तुम्ही म्हणाल, मुलगी देताना चौकशी नाही केली? केली की! लेक म्हणाली, "बाबा, तो पाळणाघरात आहे." आणि होताही! दोन-दोन, तीन-तीन वर्षांची पोरं सांभाळायचा. मी आमच्या हिला म्हटलं, शांत माणूस मिळाला, आपली काळजी मिटली. लग्नाला चार महिने झाले आणि एक दिवस हा जेवायला आला तो एक डोळा बंद, निळा, हा एवढा! मी विचारलं, "पोरांनी केलं?" तर म्हणतो, "नाही बाबा, मी करिअर बदललं."

बदललं! जसा काही शर्ट बदलला! म्हटलं, "अहो जावईबापू, पाळणाघरातून थेट पिंजऱ्यात? मध्ये एखादं ऑफिस नाही लागलं वाटेत?" तर हा शांतपणे भात कालवत सांगतो, "बाबा, काम तेच आहे. पोर बूट घालताना हातपाय झाडतं ना, तेव्हा त्याला न दुखवता आणि न सोडता धरून ठेवायचं. मी आठ वर्षं तेच केलं. इथे पोर फक्त पंच्याऐंशी किलोचं असतं." पिंजऱ्यात ह्याचं नाव काय ठेवलंय माहीत आहे? 'वादळ'! आणि हे वादळ आमच्या घरात शिरताना चपला जोडीने लावून ठेवतं. माझ्यासुद्धा.

मी सहा वर्षं ह्याच्याशी धड बोललो नाही. म्हणजे भांडलो नाही, पण कौतुकाचा शब्दही काढला नाही. एकदा काढायला गेलो होतो. नात झाली तेव्हा. हॉस्पिटलच्या त्या लांबलचक व्हरांड्यात मला भरून आलं, मी ह्याला मिठी मारली, ह्यानेही मारली, मी मायेने पाठीवर थोपटलं, एक, दोन, तीन... आणि तिसऱ्या थापेला ह्याने मला असं सोडलं, असं सोडलं, जसा काही मी तापलेला तवा! दोन पावलं मागे, दोन्ही हात वर, "ठीक आहात ना बाबा? श्वास येतोय ना?" नर्स बघतेय, लिफ्टवाला बघतोय... एवढा अपमान! पुढे लेकीने सांगितलं, "बाबा, त्यांच्यात थोपटलं म्हणजे 'हरलो, सोड'. तत्काळ सोडावं लागतं, नाहीतर समोरच्याची मान जाते. अंगातच बसलंय ते त्याच्या." बसू दे, म्हटलं. तेव्हापासून मी मिठीच्या वाटेला गेलो नाही. आता मला सांगा, सासऱ्याने जावयाला थोपटायचं नाही तर काय चिमटे काढायचे? यात माझं काय चुकलं?

तर सहा लढती झाल्या. तीन जिंकला, तीन हरला. सातवी हरला की करार संपला, आयोजकाने तोंडावर सांगितलं होतं. आणि नेमका त्याच वेळी आयोजकाचा ओळखी लिहिणारा माणूस पळाला. ओळखी म्हणजे, खेळाडू पिंजऱ्यात शिरायच्या आधी तो भरदार आवाजाचा निवेदक वाचतो ना, कोण, कुठला, किती वजन, किती जिंकला, ते. आमचे जावईबापू लगेच पुढे, "आमचे सासरे लिहितात!" अहो, लिहितो, पण काय लिहितो? मी एकतीस वर्षं वर्तमानपत्रात निधनवार्ता लिहिल्या! पान सात, उजवीकडे, खाली! पण आयोजक म्हणाला, "चालेल काका, माणसाचं अख्खं आयुष्य आठ ओळींत बसवता ना? मग झालं तर!"

आणि वर सूचना! "काका, प्रत्येकाची पार्श्वभूमी विचारा. मला भूक पाहिजे, अंधार पाहिजे, सूड पाहिजे!" मी वही घेऊन बसलो. पहिला आला, गळा माझ्या मांडीएवढा, कान फुलकोबीसारखे. "बोला, लहानपणी काय सोसलंत?" तो बराच विचार करून म्हणतो, "काका, एकदा सायकल चोरीला गेली होती. पण सापडली." दुसरी एक मुलगी, काय तिची लाथ, अहो दार निखळेल! ती आधी दातांच्या दवाखान्यात मदतनीस. म्हणते, "तिथे पेशंटचं डोकं धरून ठेवता ठेवता गळा आवळायची पकड शिकले." तिसरा पियानो उचलून माड्या चढवायचा. चौथा चष्म्याच्या दुकानात, माझ्याकडे बघून म्हणतो, "काका, तुमचा नंबर वाढलाय." आणि शेवटी ज्याच्याशी आमच्या जावयाची गाठ होती, तो 'बुलडोझर'! दारातून तिरका होऊन आत आला. मी वही घट्ट धरली. "आपण पूर्वी...?"

"वाचनालयात होतो," एवढासा आवाज, "फाटलेली पुस्तकं शिवायचो. अकरा वर्षं."

"वडील मारायचे?"

"छे हो! बाबा रोज झोपताना गोष्ट सांगायचे."

"मग तुम्ही पिंजऱ्यात आलात कसे?"

"वाचनालयात कोणी जोरात बोललं की मला सहन व्हायचं नाही, काका. पण तिथे कोणाला हात लावता येत नाही."

आता ह्यात भूक कुठे शोधू? अंधार कुठून आणू? आणला! अकरा खेळाडूंना अकरा खोटी बालपणं दिली. सायकलवाल्याला अनाथ केला, पियानोवाल्याला गोदीत वाढवला, बुलडोझरला तर मी तुरुंगाच्या भिंतीला डोकं आपटून मोठा केला! आयोजक खूश. "काका, काय लिहिता हो, अंगावर काटा आला!"

राहिला एक. जावई. लढतीच्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसलो. समोर लेक, नातीला भरवतेय, पण घास नाकाकडे चाललाय, इतकी घाबरलेली. खरं सांगू? तो जिंकावा, करार टिकावा, यातलं माझ्या मनात काही नव्हतं. तो अख्खा घरी यावा, एवढंच होतं. आणि ह्याच्याबद्दल खोटं लिहायला पेन उठेना. म्हटलं, खरं लिहू. एकतीस वर्षांचा सरावाचा हात... एकदा सुटला तो सुटलाच! आठ ओळी झाल्या, कागद दुमडला, चष्मा काढून पुसला, पाकिटात घातला, दिला. वाचून बघितला? नाही बघितला! एकतीस वर्षांत कधी परत वाचायची वेळ आली नाही हो, कारण त्या पानावर तक्रार करायला स्वतः कोणी येत नाही! यात माझं काय चुकलं?

संध्याकाळ. हॉल खच्चून भरलेला. दिवे, धूर, ढोल, शिट्ट्या. बुलडोझर आधीच पिंजऱ्यात, तुरुंगाची कहाणी ऐकून स्वतःच गोंधळलेला. मग आमचं वादळ आलं, जाळीपाशी बूट काढले, जोडीने लावले. निवेदकाने कागद उघडला. तो बिचारा पगारी आवाज, हातात येईल ते वाचतो. आणि तो विहिरीतून आल्यासारखा आवाज घुमला...

"अत्यंत मनमिळाऊ आणि हळव्या स्वभावाचे म्हणून ते सर्वांना परिचित होते!"

होते! ढोल थांबला.

"आठ वर्षं पाळणाघरात सेवा. त्यांच्या हातून एकही पोर कधी पडलं नाही. सहा लढती लढले. हरोत वा जिंकोत, प्रत्येक लढतीनंतर प्रतिस्पर्ध्याच्या आईला स्वतः फोन करून, डोळ्यावर बर्फ कसा धरायचा ते सांगत. सासऱ्यांचा गुडघा दुखतो हे त्यांनी न सांगता ओळखलं आणि घरातल्या सगळ्या खुर्च्यांची उंची गुपचूप वाढवली. सासऱ्यांनी त्यांचं कधी कौतुक केलं नाही, ही खंत सासऱ्यांना आहे. त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगी, सासू आणि सासरे असा परिवार आहे."

काय सांगू तुम्हाला! चार हजार माणसं... उभी राहिली. टोप्या उतरल्या. शीतपेयं विकणाऱ्याने ट्रे खाली ठेवून हात जोडले. आमची ही मला कोपराने ढोसतेय, "अहो, हे काय लिहिलंत? जिवंत आहे तो! तो बघा, उभा आहे!" मी बघितलं तर उभा होता खरा, पण रडत होता! आणि त्याच्यासमोर बुलडोझर... बुलडोझर तर त्याच्याहून जास्त! आठ ओळींत अख्खा माणूस विरघळला!

घंटा झाली. दोघं पुढे आले आणि धाडकन एकमेकांच्या गळ्यात! लोकांना वाटलं, पकड. पंच इकडून वाकून बघतोय, तिकडून वाकून बघतोय, ही पकड म्हणावी की भेट? पहिल्या रांगेत मला स्पष्ट ऐकू येत होतं. बुलडोझर हुंदके देत म्हणत होता, "खुर्च्यांची उंची, यार... खुर्च्यांची उंची!" आणि असं म्हणत त्या भाबड्या माणसाने आमच्या जावयाच्या पाठीवर सांत्वनाचा हात फिरवला. आणि थोपटलं. एक, दोन, तीन!

तिसऱ्या थापेला जावयाने सोडलं. दोन पावलं मागे, हात वर, "ठीक आहेस ना? श्वास येतोय ना?" आणि पंचाने झेप घेतली! लढत खलास! एकतीस सेकंद! बुलडोझर शरण! वादळ विजयी! बुलडोझर ओरडतोय, "अहो, मी धीर देत होतो!" पण नियम म्हणजे नियम, थोपटलं म्हणजे थोपटलं.

करार वाढला. आयोजक माझ्या पाया पडायचा बाकी होता. आता पुढच्या महिन्याचे बाराच्या बारा खेळाडू रांग लावून बसलेत, "काका, आम्हालाही तसंच लिहा, जिवंतपणी ऐकायचंय!" दातांच्या दवाखान्यातली तर आईला घेऊन आली. आणि बुलडोझर? रविवारी आमच्याकडे जेवायला असतो. नातीची फाटलेली पुस्तकं शिवून देतो.

हां, बरगड्या! विसरलोच. त्या संध्याकाळी घरी आलो. मी खुर्चीत बसायला गेलो, त्याच, उंच केलेल्या. आणि हा समोर आला. डोळे लाल. मला उठवलं आणि मिठी मारली. अहो, त्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यानंतर पहिल्यांदा! पंच्याऐंशी किलोचं पोर धरून ठेवणारे हात ते! आधी बरं वाटलं. मग पाठीतून 'कट' असा आवाज आला. मग आणखी एक. डोळ्यांपुढे काजवे, श्वास वरच्या वर, हात आपोआप उठला त्याच्या पाठीवर थोपटायला... आणि तिथेच, हवेत, थांबवला. तसाच धरून ठेवला. एवढंच म्हटलं, "शाब्बास रे, पोरा." तेही हळूच.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी पट्टा आवळला आणि माझ्यावरच डाफरले, "काय हो आजोबा, एवढं दुखत होतं, त्याच्या पाठीवर तीनदा हात मारायला काय झालं होतं? सोडलं असतं की त्याने!"

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? सोडलं असतं ना त्याने!