ओझेलाआईचं भांडं

मेकन शहरातल्या आमच्या चर्चच्या तळघरात, ओझेलाआईला पोचवून आल्यावर जेवणाची रांग लागली होती. माझ्यापुढे तिची थोरली लेक लव्हॉन, आणि तिच्यापुढे शेजारच्या गल्लीतली क्लॉडीन, काखेत काचेचं भांडं घेऊन.

“पुढे हो गं लव्हॉन, तू घरची.”

“नको बाई, मम्मा वरून ओरडेल. आपण काळ्यांनी रांग सोडायची नाही म्हणायची.”

“मतदानाची असो नाहीतर चिकनची! अख्ख्या गल्लीला तीन-तीन तास उभं केलंय तिनं.”

“भांड्यात काय आणलंस?”

“काही नाही. हे तिचंच आहे. बघ, बुडाला पट्टी चिकटवून नाव लिहिलंय. माझा नवरा गेला तेव्हा यातून मॅकरोनी पाठवली होती.”

“अगं, त्याला सहा वर्षं झाली!”

“झाली.”

“म्हणजे दर रविवारी फोनवर ‘माझं भांडं कुठाय’ म्हणून ती जिला झापायची, ती तू?”

“मीच. आधी लाज काढायची. मग जेवलीस का विचारायची. मग तासभर बोलत बसायची.”

“आणि तरी तू दिलं नाहीस.”

“दिलं असतं तर फोन कशाला केला असता तिनं?”

“कमाल आहे तुझी.”

“ती गेलेली ठाऊक असूनही गेल्या रविवारी दिवसभर फोनपाशी बसले. सवय गं. घे हे आता.”

“नको. राहू दे तुझ्याकडेच.”

“अगं, पण तिचं नाव आहे त्यावर.”

“असू दे. तुझा नंबर सांग. रविवारी किती वाजता झापायची ती?”