कॅन घासले ती खंडेनवमी

माझं माहेर कोंडाण्याच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, आणि सासर खालापूर तालुक्यात. शेत होतं थोडं भाताचं, पण भात झोडून झालं की हात रिकामे, म्हणून मी केमिकलच्या कंपनीत हेल्पर लागले, तवा माझी पोरगी बालवाडीत होती नि आता तिची पोरगी बालवाडीत हाय, म्हणजे बघा तुमी. पयलं झाडू मारला, मग प्याकिंगला होते, मग स्टोअरला. स्टोअर म्हणजे अ‍ॅसिड, कॉस्टिक, हायपो म्हणजे पाणी साफ करायचं झोंबरं औषध, असलं सगळं ठेवतात ते गोडाऊन. आता तिथं नव्या माणसांना ट्रेनिंग मी देते, आणि काय सांगू तुमाला, रोज माझं डोस्कं फिरतं.

अवो, ऐकतच नायत. मास्क दिला की हनुवटीला. चष्मा दिला की डोक्यावर. हातमोजे दिले की घरी नेतात भांडी घासायला. मी म्हणते, गं बायांनो, तुमचं नाक काय हनुवटीला हाय? की हसतात. रिकामा कॅन दिसला की मावशी, हा नेऊ का पाणी भरायला. अरं, त्यात अ‍ॅसिड होतं रं बाबा. तर म्हणे, धुवून घेतो की मावशी. आता काय बोलायचं ह्यांना? ट्रेनिंगला येतात ते पण वडापाव असतो म्हणून. मी आपली घसा फोडून बोलते नि ह्यांचं सगळं ध्यान चटणीत.

पण मी कुणाला बोलू, मी तर ह्यांच्या वरताण होते. तवा पनवेलकडून एक साहेब यायचे ट्रेनिंगला. भला माणूस, पडद्यावर चित्रं लावून सांगायचा. कॅनवर चिकटवलेला कागद म्हणजे त्या मालाचं नाव, कागद नसेल तर हात लावायचा नाय, मला फोन करायचा, म्हणायचा. अ‍ॅसिड नि हायपो शेजारी ठेवायचं नाय, एकात एक गेलं तर विषारी गॅस. आणि कुठलंच केमिकल हुंगून बघायचं नाय. आमी माना हलवायच्या नि सह्या करायच्या. मी तर पिशवीतून मोड आलेले वाल न्यायचे, मागं बसायचे, साहेबांचं बोलून होईपर्यंत संध्याकाळच्या भाजीचे सोलून मोकळी.

त्या साली माझी धाकटी जाऊ, इमल, तिला मीच कामाला लावली होती. खंडेनवमी आली. आमच्या कंपनीत मशिनी धुवून पुसून पूजा होते, घरी कोयता-विळा पूजतो तसं. मी म्हणलं, इमल, हे कॅन बघ कसे कळकट, असल्यात लक्ष्मी येते ती? घास सगळे. इमल कामाला वाघ. सगळे कॅन अंगणात काढले, काथ्या नि राख घेऊन बसली, पाण्यानं कागद भिजून सुटले, सुटले नाय ते नखानं खरवडून काढले. आणि मग भिंतीकडंनं एका ओळीत लावले, अ‍ॅसिडचे नि हायपोचे, सगळे निळेच, सगळे एका उंचीचे, एकेकाला झेंडूची माळ. काय देखणं दिसत होतं, खोटं कशाला बोलू! म्यानेजर साहेबांनी फोटो काढला, म्हणाले वा सुनंदाबाई. मी फुगले.

दसऱ्याची सुट्टी झाली नि दुसऱ्या दिवशी पाणी साफ करायला हायपो पायजे होता. पिंपात थोडा उरलेला, त्यात नवा कॅन ओतायचा. इमल म्हणाली, ताई, ह्यातला हायपो कुठला? आता तवा फोन करायचा होता ना साहेबांना. पण मला लाज वाटली, परवाच एवढं कौतुक झालेलं, आता कसं सांगू की कागदच नायत. मी म्हणलं, अगं वास घेऊन बघ, घरात रॉकेल नि गोडंतेल काय वाचून ओळखतेस? तिनं बूच काढलं, हुंगलं, ठसकली. दुसरा हुंगला. म्हणाली, दोन्ही झोंबतात गं, हाच असेल. आणि ओतला. तो अ‍ॅसिडचा.

हिरवट पिवळा धूर आला पिंपातून, आणि ती त्यावर वाकलेली. मी दारात होते तर माझ्या छातीत सुऱ्या खुपसल्यासारखं झालं, तिचं काय झालं असेल. वॉचमननं ओढून बाहेर काढली. दवाखान्यात नळ्या लावल्या. माझा दीर बाहेर बाकड्यावर बसायचा नि माझ्याकडं बघायचा पण नाय. मी देवाला एकच म्हणत होते, हिचा श्वास चालू ठेव, बाकी मला काय नको.

थोडी शुद्धीवर आली तवा ते ट्रेनिंगचे साहेब आले, विचारलं, कॅन धुवायला कोणी सांगितलं? इमलला आवाज फुटत नव्हता, तरी म्हणाली, माझ्याच मनानं धुतले. मी तिच्या पायथ्याशी उभी. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. म्हणलं, साहेब, खोटं बोलते ती, धुवायला मीच लावलं, हुंगायला पण मीच सांगितलं. वाटलं, आता घालवतील कामावरून. साहेब कपाळाला हात लावून बसले, मग म्हणाले, सुनंदाबाई, इथून पुढं ट्रेनिंग तुमी द्या, आणि हेच सांगा.

तेच सांगते. दर वेळी सांगते. बाया डोळ्याला पदर लावतात, आणि बाहेर गेल्या की मास्क परत हनुवटीला! आता इमल गेटवर बसून मास्क वाटते, दुसरं काम जमत नाय, चार पायऱ्या चढली की दम लागतो, आवाज गेला तो गेलाच. गेल्या खंडेनवमीला एक नवी बाई बादली नि काथ्या घेऊन माझ्यापुढं हजर, मावशी, कॅन घासू का गं, किती कळकट दिसतात. मी अशी ओरडले, अशी ओरडले की इमल गेटवरनं धापा टाकत आली, तिला वाटलं परत झालं काय. भिंतीला धरून उभी रायली, बोलता येईना, त्या बाईच्या हातातला काथ्या तेवढा काढून घेतला. मग आमी झाकणांना हळदकुंकू लावलं, कागदाला बोट लावलं नाय.

खडूस म्हणतात मला. पाठीमागं शिव्या घालतात, मला काय कळत नाय? घालू देत. संध्याकाळी सुटल्यावर इमलच्या शेजारी गेटवर उभी रायते मी, सगळ्या बडबड करत, खिदळत रिक्षात बसतात नि जातात. मला शिव्या घालायला जेवढा दम लागतो, तेवढा त्यांच्या छातीत राहू दे रं देवा.