पेन्सिलीचं वर्तुळ

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे संचालक साहेब आणि पाहुणे मंडळी, मोजणी विभागातले माझे सहकारी, पहिल्या रांगेत बसलेली ताईंची लेक, आणि जिच्यासाठी आपण जमलो आहोत ती सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या ताई,

मला पाच मिनिटं दिली आहेत. अब्जावधी वर्षं मोजणाऱ्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे दर्यामें खसखस. तरी आटोपशीर बोलतो.

पाहुण्यांसाठी सांगतो, आम्ही दूरच्या शांत दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह, मोजतो. शांत म्हणजे ज्यांच्यात नवे तारे जन्माला येणं केव्हाच थांबलं आहे. ताई त्यांचा आकार मोजायच्या, मी प्रकाशावरून वय काढायचो. सव्वीस वर्षांत हाती लागलं ते एवढंच की, सारख्याच वजनाच्या दोन शांत दीर्घिका घेतल्या, तर लहान असते ती बहुधा जुनी आणि पसरलेली असते ती नंतरची. आमच्या घरात मात्र उलट आहे, वयाबरोबर मीच पसरलो.

आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. पण नियम असा, की एकाचा आकडा दुसऱ्याला कळता कामा नये. त्यामुळे आम्ही गुडघेदुखीबद्दल बोललो, मुलांच्या लग्नांबद्दल बोललो, दीर्घिकांबद्दल अवाक्षर नाही. आणखी एक नियम होता. दरवर्षीच्या यादीत आधी मोजलेली तीच एक दीर्घिका, जुन्याच छायाचित्रासह, नवा क्रमांक देऊन घुसडायची. मोजणाऱ्याचा हात बसलेला आहे ना, ते कळावं म्हणून. ते घुसडायचं, आणि तेवढाच एक आकडा ताडून पाहायचं काम माझ्याकडे होतं.

तेवीस वर्षं ताईंनी तिचा आकार तोच दिला. मग तीन वर्षांपूर्वी थोडा कमी आला. पुढच्या वर्षी आणखी कमी. मला वाटलं, ताईंची नजर गेली. खरं तर मी तेव्हाच वर कळवायला हवं होतं. पण मग त्यांची सगळी मोजमापं बाद झाली असती. मी मूग गिळून बसलो, आणि त्याची मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात ही लेक माझ्या दाराशी आली. म्हणाली, "काका, आई तीन वेळा डोळे तपासून आली. डॉक्टर म्हणतात, नजर उत्तम आहे. तिचा विश्वासच बसत नाही. ओळखीचं छायाचित्रही लहान भासतं, मला आता नीट दिसत नाही म्हणते, म्हणून तर दोन वर्षं आधीच निवृत्ती घेतेय. तुम्ही तरी सांगा ना तिला."

ती गेल्यावर मी स्वतः ते छायाचित्र मोजलं. ताईंचा यंदाचाच आकडा आला. विभागात नव्यानं आलेल्या मुलीला काही न सांगता मोजायला दिलं. तोच आकडा. मग कपाटातून त्याच दीर्घिकेचा पहिल्या वर्षीचा छापील कागद काढला. त्यावर ताईंनी दीर्घिकेच्या कडेला अगदी चिकटून पेन्सिलीनं वर्तुळ काढलेलं आहे. आता ती कडा वर्तुळाला लागत नाही, मधे काळी फट आहे. शाई उडाली म्हणाल, तर शेजारचे तारे जसेच्या तसे आहेत. कागद आक्रसला म्हणाल, तर वर्तुळाचं माप तेच आहे.

मग मी तिचं वय पुन्हा काढलं. प्रकाशाच्या त्याच जुन्या नोंदीवरून. तीन वर्षांत ते नव्वद कोटी वर्षांनी वाढलं आहे. त्या आकाराला शोभेल, नेमकं तेवढंच.

संचालक साहेब, मला कल्पना आहे, निरोपाच्या कार्यक्रमात असं बोलत नाहीत. पण आज नाही सांगितलं, तर ताई उद्यापासून स्वतःच्या डोळ्यांना दोष देत घरी बसतील. कशासाठी? ताई, तुमची नजर शाबूत आहे. ती अधू निघाली असती, तर आम्ही बाकीचे निवांत झोपलो असतो.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर पदरात घ्या. तो कागद मी सोबत आणला आहे. घरून निघताना ती फट नखाएवढी होती. आत्ता, भाषणाला उठण्याआधी, पुन्हा पाहिली. ताई, एकदा तुम्ही मोजता का?