टाकी धुळ्याला आली

जितेंद्र : पाण्यात दोष नाही, ज्योत्स्नाताई. दोनदा तपासलं.

ज्योत्स्ना : मग मासे खात का नाहीत? जळगावहून टाकी आणून पाच दिवस झाले. काल एक मेलासुद्धा. उरलेले पाच बघा, नुसते बुडाशी पडून आहेत.

जितेंद्र : अहो, दुकान काढल्यापासून किती टाक्या हलवल्या मी. निम्मं पाणी जुनंच आणलं. फिल्टरचा स्पंज वाळू दिला नाही. मासे पिशवीत, ऑक्सिजन भरून, थर्माकोलच्या खोक्यात. इथं पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवल्या, मगच सोडले. तुमच्यासमोर. अक्का, दाणे तेच घालता ना? जळगावला घालत होता ते?

प्रमिलाबाई : तिथं मी कुठं घालत होते?

ज्योत्स्ना : आई, असं काय करतेस? आबा गेल्यापासून तूच तर...

प्रमिलाबाई : नाही गं बाई. मी पूजा करून उठायची, तर साडेसातला दाणे पाण्यावर तरंगत असायचे. लाल. चिमूटभर. तुझे आबा टाकायचे तेवढेच.

ज्योत्स्ना : तेरा महिने?

प्रमिलाबाई : एक दिवस चुकला नाही.

ज्योत्स्ना : आणि मला बोलली नाहीस!

प्रमिलाबाई : बोलले असते तर कधीच उचलून आणलं असतंस इकडं. एकटी राहून डोकं फिरलं म्हणून.

जितेंद्र : अक्का, वय झालं की होतं असं. तुम्हीच घालून विसरत असाल.

प्रमिलाबाई : डबा कपाटावर असायचा, जितेंद्र. माझा हात तिथवर पोचत नाही.

ज्योत्स्ना : ...दिपमालाचा फोन आला होता.

जितेंद्र : कोण दिपमाला?

ज्योत्स्ना : जळगावच्या घरात आता ती राहायला आलीय. दोनदा फोन केला. म्हणाली, ताई, तुमची टाकी होती ना, त्या जागी रोज सकाळी फरशीवर लाल दाणे पडलेले असतात. झाडून काढते, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी म्हटलं, उंदीर असतील.

जितेंद्र : पण डबा तर इथं आहे.

ज्योत्स्ना : तेच तर.

प्रमिलाबाई : अगं माय! त्यांना सांगितलंच नाही आपण.

ज्योत्स्ना : कोणाला?

प्रमिलाबाई : पाणी आणलं, स्पंज आणला, बठ्ठं आणलं. त्यांच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. जितेंद्र, तू आज परत जळगावला जाणार ना? मी येते तुझ्या गाडीत.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. जळगावचं घर. दिपमाला बाहेर ओट्यावर जाऊन बसली आहे.)

जितेंद्र : सात पस्तीस झाले, अक्का. काही नाही. निघू या का?

प्रमिलाबाई : थांब. कधी कधी आंघोळीला उशीर व्हायचा त्यांना.

जितेंद्र : ह्या बाईंनीच स्वप्न बघितलं असेल. मी तर म्हणतो... अक्का.

प्रमिलाबाई : काय रे?

जितेंद्र : तिथं आत्ता काही नव्हतं ना? मी बघतच होतो. नुसती फरशी होती.

प्रमिलाबाई : हळू बोल.

जितेंद्र : आणखी पडले. वरून पडतायत, अक्का. हातातून सोडावेत तसे.

प्रमिलाबाई : अहो, आयकतस का? आते आठे कोनी नही. मासा धुयाले, ज्योत्स्नाना घर शेतस. मी बी तठेच शे. एक मरी ग्या, बाकीना उपाशी शेतस. तुम्हले सांगानं ऱ्हाई गे. राग धरू नका. चाला.

जितेंद्र : ...दाणे पडायचे थांबले.

प्रमिलाबाई : दार उघड.

जितेंद्र : उघडंच आहे.

प्रमिलाबाई : दुसरी फळी पण. आणि जरा बाजूला हो, मधे उभा राहू नको.

* * *

ज्योत्स्ना : हॅलो, आई? कुठपर्यंत आलात?

प्रमिलाबाई : गाडीतच आहे. का गं, आवाज का असा?

ज्योत्स्ना : मासे वर आलेत. पाचही. मघापासून काचेला लागून उभे आहेत, दाराकडे तोंड करून. मी दाणे टाकले तर बघत नाहीत. आई, मला भीती वाटते.

प्रमिलाबाई : भ्यायचं काय त्यात? तू नको टाकूस दाणे. पारोळा मागे पडलं आत्ताच. पाऊण तासात पोचतो आम्ही.