मागच्या फळीतल्या चौसष्ट भोकांबाबत

मी, तक्रारदार सुतारांची पत्नी, ओळखीच्या सगळ्यांच्या तोंडी 'सिस्टर', वय ५९ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त परिचारिका, राहणार औषधांच्या दुकानावरचा पहिला मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पतींसोबत राहते. घरात आम्ही दोघंच असतो. एकतीस वर्षं मोठ्या रुग्णालयात नोकरी करून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. रोज दुपारी तीन ते पाच मी काँप्युटरवर लढाईचा खेळ खेळते. माझ्यासोबत माझ्याच वॉर्डातल्या तीन निवृत्त सिस्टर आपापल्या घरून, कानाला हेडफोन लावून खेळतात. हे व्यसन आहे का, असं हवालदारसाहेबांनी विचारलं. एकतीस वर्षं आम्ही माणसं वाचवली, आता दुपारचे दोन तास मारतो, तरी अजून वाचवलेलीच जास्त भरतील, एवढं माझं म्हणणं नोंदवून घ्यावं.

माझे पती, वय ६३ वर्षे, हे पिढीजात सुतार आहेत. सांध्यात फट राहिली तर त्यांना जेवण गोड लागत नाही. अकरा महिन्यांपूर्वी एका जुन्या गिऱ्हाइकाने त्यांनी केलेलं कपाट जड होतं म्हणून परत पाठवलं आणि शोरूममधून भुशाच्या फळ्यांचं हलकं कपाट आणलं. पती कोणाला काही बोलले नाहीत. त्यांनी आपल्या सुतारकामाच्या दुकानाला कुलूप लावलं, हत्यारांची पेटी पलंगाखाली सारली आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचायला लागले. टेंडरच्या जाहिरातीसुद्धा वाचायचे. वॉर्डात जे पेशंट भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे त्यांचीच मला सगळ्यांत जास्त धास्ती असायची. पती खिडकीकडे तोंड करून बसत होते, पण मला फरक वाटला नाही. मला त्यांच्याबद्दल भीती वाटायला लागली होती.

तशातच माझा जुना काँप्युटर खेळाच्या ऐन रंगात मान टाकायला लागला. मी ठरवलं की आता तयार काँप्युटर आणायचा नाही, एकेक भाग स्वतः निवडायचा आणि स्वतः जोडायचा. भाग निवडायला सहा आठवडे लागले. आमचं लग्न चार दिवसांत ठरलं होतं आणि सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या एकट्या पॉवर सप्लायला अकरा दिवस लागले. ही गोष्ट मी पतींना तेव्हाच ऐकवलेली असल्याने आज नव्याने काही सांगत नाही.

काँप्युटरच्या दुकानदाराने पहिल्या दिवशी विचारलं की नातवासाठी हवाय का. मी त्याच्यापुढे माझी यादी ठेवली. ती वाचून त्याने मला खुर्ची दिली. तो पॉवर सप्लाय हलका घ्या आणि आत रंगीत दिवे लावून घ्या असं सुचवत होता. पेशंटचं काळीज कमजोर असताना त्याच्या अंगावर दागिने चढवत नाहीत, असं मी त्याला सांगितलं. प्रोसेसर मधल्या दर्जाचा घेतला आणि पडद्यावर चित्रं आणणारं ग्राफिक कार्ड त्याला झेपेल असंच घेतलं, कारण एक पहिलवान आणि एक लंगडा अशी जोडी मला नको होती. दिवे घेतले नाहीत. पंखे मात्र चांगले घेतले.

पती प्रत्येक खेपेला पिशवी धरायला म्हणून सोबत येत होते आणि कोपऱ्यात उभे राहत होते. शेवटी राहिला तो कॅबिनेट, म्हणजे हे सगळे भाग ज्यात बसवतात तो डबा. दुकानदाराने सात डबे काढून दाखवले. पहिल्याच्या पत्र्यावर पतींनी अंगठा दाबला, तो पत्रा आत गेला. दुसऱ्याचं झाकण त्यांनी लावलं, ते तिरकं बसलं. तिसऱ्याला हातही न लावता त्यांनी नाक मुरडलं. सातवा बघून झाल्यावर ते म्हणाले, "एवढ्या निवडून पाखडून घेतलेल्या वस्तू तू असल्या डब्यात ठेवणार? मी करतो पेटी."

अकरा महिन्यांत 'मी करतो' हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. दुकानदार काहीतरी बोलणार होता, मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे बोलला नाही. वॉर्डात या नजरेचा मला फार उपयोग झालेला आहे.

पेटीला एकोणीस दिवस लागले. पतींनी हत्यारं बाहेर काढली, पटाश्यांना धार लावली, जपून ठेवलेलं सागवान वापरलं. ग्राफिक कार्डाची लांबी खोक्यावर छापलेली असताना त्यांनी ती पट्टीने तीनदा मोजली आणि छापणाऱ्याची चूक नाही असं मला कळवलं. घरात भुसा झाला. मी त्यावर एक शब्द बोलले नाही, हे ज्यांनी आमचं घर पाहिलंय त्यांना खरं वाटणार नाही. ते जेवताना बोलायला लागले, दोनदा तर हसले. पेटी इतकी देखणी झाली की माझ्या मैत्रिणींनी तिचा फोटो मागवून घेतला.

तिच्यात फट मात्र कुठेही नव्हती. मागे वायरींपुरती एक खाच होती आणि तीही वायरी घातल्यावर त्यांनी मखमलीची पट्टी ठोकून बुजवली. हवा कुठून जाणार, असं मी बेताबेताने विचारलं. त्यावर पती म्हणाले, "आत तीन पंखे आहेत ना तुझे? आपण खोलीत पंखा लावतो तेव्हा भिंतीला भोकं पाडतो का?" या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी मूग गिळून बसले.

पहिल्या दुपारी खेळ विसाव्या मिनिटाला बंद पडला. दुसऱ्या दुपारी अठराव्या मिनिटाला. किल्ल्याच्या दारात मी तीनही मैत्रिणींना ऐन वेळी सोडून जात होते आणि त्यातल्या एकीने मला 'पळपुटी' असं नाव पाडलं. काँप्युटरच्या आतली उष्णता पडद्यावर दिसते. ती मी दर पाच मिनिटांनी तापाच्या तक्त्यावर लिहून ठेवली. तो तक्ता सोबत जोडला आहे. पतींना दाखवला तेव्हा त्यांनी शेवटचा आकडा वाचला, अठ्ठ्याण्णव. ते म्हणाले की अठ्ठ्याण्णव म्हणजे ताप नाही, हे तूच सगळ्यांना सांगत आलीस. माणसाचा ताप वेगळ्या मापाने मोजतात आणि या मापात अठ्ठ्याण्णवला पाणी उकळायला येतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हीसुद्धा पेटी परत आली असं त्यांच्या मनाने घेतलं असतं.

गेल्या मंगळवारी दुपारी साडेचार वाजता पती दाढी करायला सलूनमध्ये गेले. तिथे त्यांना एक तास लागतो, कारण तिथे दुसरं वर्तमानपत्र येतं. मी पेटीची मागची फळी सोडवली, पेन्सिलने आखणी केली आणि पतींच्याच ड्रिलने चौसष्ट भोकं पाडली. थंड हवा आत यायला खालच्या बाजूला बत्तीस, गरम हवा बाहेर जायला वरच्या बाजूला बत्तीस. फळी परत बसवली, भुसा झाडून घेतला, पेटीची पाठ भिंतीकडे करून मध्ये वीतभर अंतर ठेवलं. पती पावणेसहाला आले. मी भाजी चिरत होते.

बुधवारी खेळ पूर्ण दोन तास चालला आणि आम्ही किल्ला घेतला. त्या आनंदात मी पेटी जास्त पुढे ओढली असावी. गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास पतींना भोकं दिसली. ही कोणी पाडली, असं त्यांनी विचारलं. मला काय माहीत, असं मी म्हणाले. त्यांनी दुपारी परत विचारलं आणि संध्याकाळी तिसऱ्यांदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं. मी सहसा खोटं बोलत नाही, त्यामुळे ते मला नीट जमलं नसणार. तेव्हा पती म्हणाले, "म्हणजे परका माणूस घरात शिरून गेला. मग पोलिसांत जायलाच हवं." मला वाटलं की राग आहे, रात्रीत उतरेल. आज सकाळी दहा वाजता ते फळी आणि हत्यारांची पिशवी पुरावा म्हणून घेऊन खरोखर इथे आले, आणि ठाण्यातून मला बोलावणं आलं.

हवालदारसाहेबांनी मला पतींची तक्रार वाचून दाखवली. तीत असं लिहिलं आहे की, अज्ञात इसमाने फळीला भोकं पाडून पेटी विद्रूप केली. पुढे असंही लिहिलं आहे की, सदर इसम कामात मुरलेला असावा, कारण मागे टाकाऊ फळी धरून भोकं पाडलेली असल्याने एकही ढलपी उडालेली नाही. चौतीस वर्षं त्यांच्या मोठ्या कामांना मागून टाकाऊ फळी मीच धरत आले. ड्रिल चालवायलाही त्यांनीच मला शिकवलं. ही टाकाऊ फळी कोणी धरली हे त्यांना भोक बघताक्षणीच कळलं असणार. माझ्या कामाची त्यांनी केलेली ही पहिलीच तारीफ, आणि तीही पोलिसांच्या कागदावर. या वाक्याची एक प्रत मला मिळावी अशी विनंती आहे.

भोकं मीच पाडली आहेत. मला कोणी भाग पाडलं नाही आणि कोणी मदत केली नाही.

हे मी सांगितल्यावर हवालदारसाहेबांनी पतींना आत बोलावलं. पती मला म्हणाले, "मला नुसतं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

मी म्हणाले, "तुम्ही हत्यारं परत पलंगाखाली सारली असती. मग मी काय केलं असतं?"

एवढं बोलताना माझा आवाज चिरकला. नोकरीत असं कधी झालं नव्हतं. पतींनी टेबलावरची फळी उजेडाकडे धरली आणि वरून तिसऱ्या ओळीतलं पाचवं भोक अर्धं सूत सरकलं आहे असं सांगितलं. मी तपासलं, ते खरं आहे. त्यानंतर त्यांनी हवालदारसाहेबांकडे कोरा कागद मागितला. त्यावर त्यांनी मागच्या बाजूची नक्षीची जाळी काढली आणि हवा खालून किती लागते, वरून किती, हे मला विचारून विचारून शेजारी लिहिलं. हवेचं मला कसं कळतं असं त्यांनी विचारलं. फुप्फुसांच्या वॉर्डात नऊ वर्षं काढली आहेत, असं मी सांगितलं.

तक्रार मागे घेता का, असं हवालदारसाहेबांनी विचारलं. पतींनी हो म्हणून सही केली, पण मन तिकडे नव्हतं. सही करता करता ते दाराबाहेरच्या बाकाकडे बघत होते. तो बाक एका पायाने अधू आहे आणि तक्रार द्यायला थांबले असताना तो सकाळपासून त्यांच्याखाली डुगडुगत होता. कोणाला काही न विचारता ते बाहेर गेले. पुरावा म्हणून जमा केलेल्या पिशवीतला हातोडा त्यांनी परवानगीशिवाय घेतला आहे. त्याबद्दल काही कारवाई करायची असल्यास ती माझ्यावर करावी.

माझं आणखी काही सांगणं नाही.

वरील जबाब मी सांगितला तसा लिहून घेतला आणि मला वाचून दाखवला. वाचून दाखवत असताना बाहेर ठोकण्याचा आवाज चालू होता, त्यामुळे मधली काही वाक्यं मला ऐकू आली नाहीत. हवालदारसाहेब त्यांना थांबायला सांगण्यासाठी उठले होते, मी त्यांना उठू दिलं नाही. जे ऐकू आलं ते बरोबर आहे, आणि जे ऐकू आलं नाही तेही बरोबर आहे असं धरून सही करते.