बुडाचा तुकडा

(हिंगोली जिल्ह्यातला एक तांडा. ओसरीवर रुक्माबाई आणि विद्यापीठातून आलेली तिची नात पुजा. मधे जुनं मडकं.)

पुजा : नखाएवढा तुकडा पुरे, आजी. फक्त बुडाचा पाहिजे.

रुक्माबाई : बूड फुटल्यावर मडक्याचं राहिलं काय? दुसऱ्या कोणाचं घे.

पुजा : दुसरं आहे कुठं? दारूबंदी झाली तेव्हा तुम्ही बायांनीच सगळी फोडली.

रुक्माबाई : व्हय. पयली काठी म्याच घातली. अन् माझंच तेवढं लपवून ठेवलं. कोणाला सांगू नको.

पुजा : सगळ्या तांड्याला माहीत आहे.

रुक्माबाई : सासूचं व्हतं गं. याच्यात मोहाची फुलं सडायला घातली की होळी आली समजायचं. पयली धार भुईला, मंग म्हाताऱ्यांला. वर्षभर भांडलेले दोघं एका वाटीतून प्यायचे, त्याबिगर पंगत बसायची न्हाई.

पुजा : तेच शोधतेय मी. जमिनीत जुनी खापरं निघतात. त्यांत काय आंबवलं होतं ते ओळखायला आधी माहितीतलं एक मडकं लागतं.

रुक्माबाई : याच्यात काय घावणार? अकरा वर्षं झाले, दर अवसेला राखंनं घासून राहिले. हुंगून पाह्य.

पुजा : वास जातो. पण माती आत ओढून घेते, आजी. ते घासून निघत नाही. हजार वर्षांनीही सापडतं.

रुक्माबाई : हजार?

पुजा : हो.

रुक्माबाई : मंग म्या उगंच हात झिजवले.

पुजा : आजी...

रुक्माबाई : तुझ्या बापाला, माझ्या देविदासला, म्याच दिली याच्यातली. होळी सरली तरी मागायचा. हात थरथरायचे त्याचे, लेकराची तकलीफ बघवत न्हवती. रक्त ओकून गेला तवा भी उशाला माझीच वाटी व्हती.

पुजा : माहीत आहे. वाटी तू भरायचीस. नेऊन मी द्यायचे.

रुक्माबाई : बारा वर्षांची व्हतीस तू. कधी बोलली न्हाईस.

पुजा : तू घासत बसायचीस. काय बोलू?

रुक्माबाई : थकले गं आता. तो दगड आण. हळू मार.

पुजा : निघाला बघ. आता यावर चिठ्ठी लावायची. मडकं कशाला वापरलं, तेही लिहावं लागतं.

रुक्माबाई : होळीच्या पंगतीला, लिही.

पुजा : लिहिलं.

रुक्माबाई : अन् खाली देविदासचं नाव लिही.